पोरगा मैदानात ओरडतो का?

पत्र :

अण्णा, नमस्कार. मी रावेर तालुक्यातला केळीवाला शेतकरी. नऊ बिघे बागायत, गळ्यात माळ, दोन लेकरं. मोठा एकोणीस वर्षांचा. लहानपणापासून फुटबॉलचं वेड. दहावीनंतर भुसावळला खेळला, मग दोन वर्षं मुंबईत एका क्लबाच्या ज्युनिअर संघात होता. स्टॉपर खेळतो, म्हणजे गोलकीपरच्या पुढे, बचावाच्या मधोमध. उंची सहा फुटाला दोन बोटं कमी. तिथला संघ आता बंद पडल्यासारखाच आहे. पोरगा घरी येऊन बसलाय, सकाळ-संध्याकाळ एकटाच पळतो. गेल्या महिन्यात एका एजंटाचा फोन आला. युरोपातल्या एका लहान देशात थर्ड डिव्हिजनच्या क्लबात ट्रायल लावून देतो, निवड जवळजवळ पक्की, तिथून दोन-तीन देश फिरला की लाइफ झाली, असं म्हणतो. सात लाख मागतो. तीन लाख आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आत, बाकीचे व्हिसा आल्यावर. बँकेचं कर्ज आधीच डोक्यावर आहे, म्हणजे दीड बिघा गहाण टाकावा लागेल. मेव्हणे म्हणतात, पोलीस भरतीला बसव. बायको म्हणते, तिकडे खाईल काय? पोरगं काहीच म्हणत नाही. घरात ते तोंडच उघडत नाही. पैसे भरू का? धाकटी पण खेळते, तिचं नंतर बघू.
– एक बाप

उत्तर :

भाऊ, पैसे भरू नका. आखाजीला अंगणात झोका बांधा, पुरणपोळ्या खा, पण ते तीन लाख त्या माणसाला देऊ नका. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं वाचेपर्यंत तुम्ही सोसायटीच्या दारात उभे असाल अशी भीती वाटते.

पण पोरानं परदेशात जाऊ नये असं मी म्हणत नाहीये. उलट स्टॉपर म्हणून चार देश फिरून संसार चालवलेली माणसं आहेत, आणि आपल्याकडे त्यांच्याविषयी फार कमी बोललं जातं. गोल मारणाऱ्याचं पोस्टर लागतं. मागे उभं राहून वीस वर्षं पाय मोडून घेणाऱ्याचं नाव फक्त गोल खाल्ला तेव्हाच निघतं.

माझं सांगतो. मी रेल्वेत होतो, भुसावळ डिव्हिजनच्या संघात अकरा वर्षं स्टॉपर खेळलो. नोकरी लागायच्या आधी, विशीत असताना, मीही अशाच एका ओळखीच्या माणसाला सहाशे रुपये दिले होते. कोलकात्याच्या क्लबात ट्रायल लावतो म्हणाला. तेव्हा सहाशे म्हणजे वडिलांचा दोन महिन्यांचा घरखर्च. हावड्याला उतरलो तर घ्यायला कोणी नाही. दुसऱ्या दिवशी माणूस भेटला, एका मैदानावर घेऊन गेला आणि दोन दिवस टचलाइनच्या बाहेर उभं ठेवलं. तिसऱ्या दिवशी सरावाच्या सामन्यात वीस मिनिटं मिळाली. एक उंच बॉल आला. मागून गोली, म्हणजे गोलकीपर, ओरडला, 'छाड!' बंगालीत त्याचा अर्थ सोड, मी घेतो. मला ऐकू आलं 'चढ'. मी चढलो. गोली माझ्या पाठीवर, बॉल जाळीत, आणि माझं कोलकाता तिथेच संपलं.

घरी आलो तर वडील एक शब्द बोलले नाहीत. ताटात कळण्याची भाकरी आणि ठेचा सरकवला. त्या सहाशे रुपयांचा हिशोब त्यांनी मरेपर्यंत मागितला नाही, म्हणून तो अजून फिटलेला नाही.

ही गोष्ट रडगाणं म्हणून सांगत नाही. तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही सहज लिहून गेलात : पोरगं तोंड उघडत नाही. सात लाखांपेक्षा मला याची जास्त काळजी आहे. का, ते सांगतो.

फॉरवर्ड मुका असला तरी चालतो. त्यानं गोल मारला की तो कुठल्याही देशात कळतो. स्टॉपरचं तसं नाही. सगळं मैदान समोरून दिसतं ते गोलीला आणि त्याच्यापुढच्या दोघांना, बाकीच्यांची पाठ असते. त्यामुळे डावीकडचा साइडबॅक पुढे गेला तर त्याला मागे खेचायचं, मिडफिल्डरच्या पाठीवर माणूस आलाय हे सांगायचं, ऑफसाइडसाठी चौघांनी एकाच क्षणी वर यायचं, हे सगळं तोंडानं होतं. 'मॅन ऑन' (पाठीवर माणूस आहे), 'टाइम' (वेळ आहे), 'स्टेप' (पुढे या), 'ड्रॉप' (मागे हटा), 'अवे' (लांब मार), 'कीपर्स' (बॉल गोलीचा). नव्वद मिनिटं न थांबता. जो स्टॉपर गप्प बसतो त्याच्या शेजारचा स्टॉपर दुप्पट पळतो. परदेशातला कोच ट्रायलला पहिल्या दहा मिनिटांत पाय बघत नाही, कान लावतो. तुमच्या पोराचे पाय कसे आहेत मला माहीत नाही. तोंडाची बातमी तुम्हीच दिलीत.

आता त्या एजंटाकडे येऊ. त्याच्या नावाला माझा विरोध नाही, त्याच्या पद्धतीला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून फिफाचं लायसन्स असल्याशिवाय कोणाला खेळाडूचा एजंट म्हणून काम करता येत नाही. हे लायसन्स परीक्षा देऊन मिळतं, आणि लायसन्स असलेल्यांची नावं फिफाच्या वेबसाइटवर कोणालाही बघता येतात. त्याला फोन करून फक्त एवढंच विचारा : तुमचा लायसन्स नंबर काय? खरा माणूस लगेच सांगेल. दुसरा 'आमचे तिकडे पार्टनर आहेत' म्हणेल, चिडेल, नाहीतर सीट भरत आल्यात म्हणून घाई करेल. आणि खऱ्या एजंटाची कमाई कशात असते? खेळाडूचा करार झाला की त्याच्या पगारातल्या टक्केवारीत. पोरगा कमावेल तेव्हा तो कमावतो. करार व्हायच्या आधी सात लाख घेणाऱ्याला पोरगा खेळला काय आणि न खेळला काय, सारखंच. तुम्ही केळीच्या व्यापाऱ्याला माल कापायच्या आधी उलटे पैसे देता का? मग इथे का द्यायचे?

दुसरं, कुठला क्लब? नाव, गाव, सध्याचा कोच. ट्रायलचं पत्र क्लबाच्या लेटरहेडवर येऊ द्या, मग त्या क्लबाच्या वेबसाइटवरच्या पत्त्यावर तुम्ही स्वतः ईमेल टाकून विचारा की हे पत्र तुमचंच का. इंग्रजी जमत नसेल तर धाकटी लिहील. एजंटानं दिलेल्या पत्त्यावर विचारू नका, नाहीतर त्याच्या प्रश्नाला त्याचंच उत्तर येईल. आणि 'आता व्हिजिटर व्हिसावर जाऊ, तिकडे गेल्यावर कन्व्हर्ट करू' हे वाक्य कानावर आलं तर फोन ठेवून द्या. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला, अल्पमुदतीचा व्हिसा म्हणजे १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि त्यावर नोकरी करता येत नाही. ट्रायल देऊन परत येता येईल, पगार घेता येणार नाही. इंग्लंडचं तर विसराच. तिथे परदेशी खेळाडूला परवाना गुणांवर मिळतो, आणि त्या गुणांत त्यानं देशासाठी किती सामने खेळले आणि त्या देशाचा फिफा क्रमांक काय, हेही धरतात. आपल्या देशाचा क्रमांक त्या कामाचा नाही.

समजा, सगळं खरं निघालं. तरी पोराला तिकडे नोंदणीकृत सामना खेळायचा असेल तर भारतीय महासंघाकडून तिकडच्या महासंघाकडे इंटरनॅशनल ट्रान्सफर सर्टिफिकेट जावं लागतं. त्याशिवाय तो फक्त सराव करेल. तेव्हा मुंबईच्या क्लबानं त्याची महासंघाकडे ऑनलाइन नोंदणी केली होती का, त्याचा नंबर काय, आणि त्या क्लबाबरोबर सही केलेला एखादा कागद अजून जिवंत आहे का, हे आजच काढा. सोळाव्या-सतराव्या वर्षी पोरं काहीही सही करतात आणि बाप केळीत असतो. आणखी एक बारीक गोष्ट. वयाच्या १२व्या वर्षापासून ज्या ज्या क्लबानं त्याला घडवलं, त्यांना पोराच्या पहिल्या व्यावसायिक कराराच्या वेळी नव्या क्लबानं ट्रेनिंगची भरपाई द्यायची असते, तेविसाव्या वर्षापर्यंत. कागदावर हा नियम गरीब क्लबांच्या भल्याचा आहे. व्यवहारात छोटा परदेशी क्लब ती रक्कम बघून हात आखडता घेतो. म्हणून जुन्या क्लबाशी भांडून येऊ नका. गोडीत राहिलं की पुढे कागद निघतो.

करार हातात आलाच तर काय बघायचं? पगार कुठल्या चलनात, टॅक्स कापून की आधीचा, राहायला खोली कोण देणार, परतीचं तिकीट कोणाचं, आणि पाय मोडला तर ऑपरेशन आणि पगार दोन्ही चालू राहणार का. मेडिकल पास झाली तरच करार लागू, किंवा वर्क परमिट मिळालं तरच लागू, असं कलम घालता येत नाही, फिफाच्या नियमात तशी मनाई आहे. मेडिकल सहीच्या आधी करायची. आणि दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडू लेखी नोटीस देऊन पंधरा दिवस वाट बघू शकतो. तरी पैसे आले नाहीत तर करार मोडून तो मोकळा, उरलेल्या पैशांचा दावाही लावता येतो. पगार थकणं परदेशातच होतं असं नाही. २०२५ मध्ये आयएसएल, म्हणजे आपल्या देशातली सगळ्यात वरची लीग, ठरल्या वेळी सुरू झालीच नाही आणि मोठ्या क्लबांनीसुद्धा पगार थांबवले, तेव्हा आपलेच चांगले-चांगले खेळाडू हात जोडून व्हिडिओ टाकत होते. तुमचा पोरगा घरी बसलाय तो एकट्याच्या नशिबानं नाही.

खरं तर मोठ्या माणसाचंही इथे काही वेगळं झालं नाही. फाबिओ कॅनावारो, २००६ च्या वर्ल्ड कपचा इटलीचा कॅप्टन, त्याच वर्षी बॅलन डी'ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळालेला स्टॉपर. इटली, स्पेन, दुबई खेळून झाल्यावर २०१२ मध्ये बंगालात नवी लीग निघाली, तिच्या लिलावात सिलिगुडीच्या संघानं त्याला बोलीनं घेतलं. ती लीग कधी झालीच नाही. वर्ल्ड कप उचललेल्या माणसाचा सौदा आपल्याकडे नुसता कागदावर राहिला, तिथे आपल्या पोराच्या कागदाचं काय सांगावं. आणि जाता जाता, कॅनावारोची उंची पाच फूट नऊ इंच. तुमचा पोरगा त्याच्याहून उंच आहे, तेव्हा कोणी 'उंची कमी' म्हटलं तर त्याला एवढं सांगून ठेवा.

आता तुम्हाला आणि पोराला दोघांनाही ऐकायची गोष्ट, संदेश झिंगनची. चंदीगडचा पोरगा. सुरुवात सिक्कीमच्या संघातून, सेकंड डिव्हिजनला. २०१४ मध्ये केरळ ब्लास्टर्स, तिथे सहा वर्षं, भारताचा मुख्य स्टॉपर. २०१९ मध्ये गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि सगळा हंगाम वाया. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार. मग २०२१ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, क्रोएशियाच्या शिबेनिक क्लबाशी करार, पहिल्या डिव्हिजनचा. गेला आणि लागलीच दुखापत. एकही अधिकृत सामना न खेळता २०२२ च्या जानेवारीत परत मोहन बागानला. लोकांनी टिंगल केली. मला ती आवडली नाही. माणूस देशाचा सगळ्यात चांगला स्टॉपर होता, वय पिकलेलं होतं, क्लब खरा होता, करार खरा होता, तरी शरीरानं दगा दिला. पण परत आल्यावर तो कुठे पडला? उभं राहायला जागा होती, नाव होतं, मागे सात-आठ हंगामांची मजुरी होती. तुमच्या पोराचा तिकडे पाय मुरगळला तर तो परत कुठे पडेल? दीड बिघ्यावर. आणि तो तोपर्यंत दुसऱ्याच्या नावावर असेल.

तुम्ही केळी हिरवीच कापता. सावद्याहून माल दिल्लीला जातो आणि तिकडच्या रायपनिंग चेंबरमध्ये पिकतो. म्हणून तुम्हाला वाटत असेल की पोरगंही हिरवं धाडावं, तिकडे पिकेल. स्टॉपर असा पिकत नाही, भाऊ. फॉरवर्ड अठराव्या वर्षी चमकतो, कारण त्याची चूक कोणी मोजत नाही. नऊ बॉल घालवले आणि दहावा जाळीत मारला की तो हिरो. स्टॉपरनं एकोणनव्वद मिनिटं सगळं बरोबर केलं आणि नव्वदाव्याला एकदा झोपला, तर तोच दोषी. त्यामुळे कोच त्याच्या जागेवर अनुभव मागतात. आणि क्लबाला परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात, त्या पगाराच्या असतात. ती जागा कोणी एकोणीस वर्षांच्या, सीनिअर लीगचा एकही पूर्ण हंगाम न खेळलेल्या स्टॉपरवर खर्च करत नाही. तसा पोरगा त्यांना त्यांच्याच गल्लीत फुकट मिळतो. त्या एजंटाच्या गोष्टीतलं भोक इथे आहे, व्हिसात नाही.

पण यातच चांगली बातमी आहे. उशिरा पिकतो तो टिकतोही उशिरापर्यंत. मुर्तादा फॉल घ्या. सेनेगलचा. मोरोक्कोत तेतुआनच्या क्लबात खेळून झाल्यावर २०१८ मध्ये गोव्याला आला, तेव्हा तिशी गाठलेली होती. आपल्याकडे तिशीला लोक 'आता कोचिंग कोर्स कर' म्हणतात. त्यानंतर हा माणूस मुंबई सिटीकडून २०२०-२१ ला आयएसएलची शील्ड (साखळीत पहिला येणाऱ्याची) आणि कप (फायनल जिंकणाऱ्याचा) दोन्ही जिंकला, पुढे ओडिशाकडून खेळला, आणि कॉर्नरवर डोक्यानं इतके गोल केले की फॉरवर्डांना लाज वाटावी. लुसिओचं उदाहरण तर त्याहून मोठं. ब्राझील, मग जर्मनीत लेव्हरकुझेन आणि बायर्न, मग इटलीत इंटर, थोडे महिने युव्हेंटस, परत ब्राझील, आणि शेवटी सदतिशीत एफसी गोवा. २००२ चा वर्ल्ड कप जिंकलेला माणूस मडगावच्या चिखलात टॅकल करत होता. मी टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या, बायकोला वाटलं मला काहीतरी झालं.

आणि ज्याचं कौतुक वाटतं पण भीतीही वाटते तो थियागो सिल्वा. विशीत पोर्तुगालला पोर्तोच्या दुसऱ्या संघात गेला, पुढे २००५ मध्ये रशियात मॉस्कोला. तिथे टीबी निघाला. भाषा येत नाही, थंडी, महिनोन् महिने दवाखान्यातली खाट. परत ब्राझीलला आला, घराजवळ बरा झाला, तिथे तीन हंगाम खेळला, आणि मग मिलान, पॅरिस, चेल्सी. २०२१ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकला तेव्हा वय ३६. पोराला ही गोष्ट सांगताना मधला भाग गाळू नका. घरी परत येऊन खेळलेली ती तीन वर्षं नसती तर पुढचं काहीच झालं नसतं. परत येणं म्हणजे हरणं असं त्याच्या घरातल्यांनी त्याला वाटू दिलं नसावं, असा माझा अंदाज.

वहिनींच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं. माळकरी घरातला पोरगा तिकडे खाईल काय? ख्रिस स्मॉलिंग नावाचा इंग्लिश स्टॉपर आहे. अठराव्या वर्षापर्यंत मेडस्टोन नावाच्या छोट्या गावठी लीगमधल्या संघात होता. तिथून फुलहॅम, मँचेस्टर युनायटेड, मग इटलीत रोमा, २०२४ मध्ये सौदी. हा माणूस मांस तर सोडाच, दूधही घेत नाही. तेव्हा पोराला उपाशी मरावं लागणार नाही. पण त्याला स्वतः रांधता आलं पाहिजे. डाळ शिजवणं, भाकरी नाही जमली तर पोळी, मोड आलेली कडधान्यं, सोयाबीन, पनीर. वहिनींनी सात लाखांची काळजी तुमच्यावर सोडावी आणि पोराला रोज संध्याकाळी चुलीपाशी उभं करावं. खान्देशातल्या पोरांना शेवभाजीचा रस्सा ओरपता येतो, बनवता येत नाही, आणि परक्या देशात चौथ्या दिवशी रडू येतं ते याच कारणानं.

मग आता करायचं काय? पहिलं, त्याला सामने पाहिजेत. एकटा पळणारा स्टॉपर म्हणजे विहिरीत पोहायला शिकलेला माणूस, पाणी आहे पण धार नाही. मुंबईची आणि पुण्याची स्थानिक लीग आहे, देशाच्या मोठ्या लीगांखाली खालच्या डिव्हिजन आहेत, कोलकात्याची लीग आहे. कोल्हापूरला जाऊन एक हंगाम तालमीच्या संघात खेळला तरी चालेल. तिथलं शाहू स्टेडियम भरतं तेव्हा आवाजात उभं राहायची सवय होते, आणि आपल्या पोरांना नेमकी तीच नसते. राहुल भेके मुंबईचाच, मराठी पोरगा, स्थानिक क्लबांतून वर आला आणि २०१९ च्या आयएसएल फायनलला जादा वेळेत हेडर मारून बेंगळुरूला कप दिला. डिफेंडरच आहे. त्याचे सामने पोराला दाखवा, बॉल नसताना तो कुठे उभा राहतो ते बघायला सांगा.

नोकरीचंही ऐका. मेव्हण्यांची पोलीस भरती मी हसण्यावारी नेत नाही. पण पोलीस भरतीच्या आधी रेल्वेचा स्पोर्ट्स कोटा बघा. संतोष ट्रॉफीला, म्हणजे राज्याराज्यांच्या संघांच्या स्पर्धेला, रेल्वेचा वेगळा संघ असतो, साठच्या दशकात तो तीनदा जिंकला होता. सेनादलाचा संघही असतो. तिथे पगार आहे, सराव आहे, डॉक्टर आहे. तिथून परदेशात जाणं अवघड होतं हे खरं, नोकरीची ऊब लागते. मला लागली. म्हणून मी हा रस्ता पहिला सांगत नाही, पण लपवतही नाही. दोन वर्षं लीग खेळून बघा, एकविसाव्या वर्षी पुन्हा मोजमाप करा.

गुरप्रीत सिंग संधूचं उदाहरण त्याच्या खोलीत लिहून ठेवायला सांगा. तो गोली आहे, पण मुद्दा तोच. ईस्ट बंगालहून २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टेबेक क्लबात गेला. पहिला लीग सामना मिळाला २०१६ मध्ये. मधली दोन वर्षं बर्फात सराव आणि बाकावर बसणं. त्याच वर्षी युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळला, तसा खेळणारा पहिला भारतीय. परदेशात जाऊन खेळाडू होणं याचा अर्थ बहुतेक वेळा ही दोन वर्षं असतो. पोरगा त्यासाठी तयार आहे का, हे तुम्ही सांगू शकत नाही, मी सांगू शकत नाही, आणि एजंट तर नाहीच नाही.

आणि धाकटी! तुम्ही तिला एका ओळीत उरकलंत, आणि 'नंतर बघू'. भाऊ, रागावू नका, पण गेल्या काही वर्षांत परदेशात जाऊन नाव काढण्यात आपल्या पोरी पोरांच्या पुढे आहेत. मणिपूरची बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सला गेली. पंजाबची मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसला गेली आणि बायकांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली, पुढे ग्रीसला. २०२५ मध्ये आपल्या पोरींनी थायलंडला थायलंडमध्ये २-१ हरवून आशिया कपची जागा मिळवली, पात्रता फेरी खेळून, पहिल्यांदाच. ती कुठल्या जागेवर खेळते तेही तुम्ही लिहिलं नाहीत. पुढच्या पत्रात तिचं वय, जागा आणि शाळेच्या मैदानावर तिला खेळू देतात की नाही, एवढं कळवा. जमलं तर पत्र तिलाच लिहू द्या.

राहता राहिला पोराचा अबोला. तो एकोणीस वर्षांचा आहे, करारावर सही त्याची लागणार, तुमची नाही. पण तुमच्या पत्रात एजंट काय म्हणतो ते आहे, मेव्हणे काय म्हणतात ते आहे, आई काय म्हणते ते आहे. पोरानं काय म्हटलं हे नाही, कारण त्याला कोणी विचारलेलं दिसत नाही. गहाणखताची गोष्ट त्याच्यासमोर निघाली असेल तर तो बोलेल तरी काय? 'जातो' म्हटलं तर बापाची जमीन खातो, 'नाही जात' म्हटलं तर आयुष्यभर मनात राहील. माझ्या बापानं भाकरी सरकवली तेव्हा मीही बोललो नव्हतो. तुम्ही त्याला बागेत घेऊन जा, पाणी सोडताना विचारा. समोरासमोर बसून नाही, दोघांची तोंडं एकाच दिशेला असताना विचारा. आपल्याकडच्या पोरांना तसंच बोलता येतं.

येत्या रविवारी आम्ही म्हातारे रेल्वेच्या ग्राउंडवर पोरांचा सराव घेतो. सकाळी साडेसहाला, कारण आठनंतर एप्रिलचं ऊन उभं राहू देत नाही. त्याला पाठवून द्या. बूट, शिनगार्ड आणि पाण्याची मोठी बाटली. मी गोलीच्या जागी उभा राहीन, आता तेवढंच जमतं, आणि त्याला माझ्यापुढे स्टॉपरला लावीन. बॉल नंतर. पहिला अर्धा तास त्यानं चौघांची लाइन नुसत्या आवाजावर पुढे-मागे हलवून दाखवायची आहे. लेवा बोलीत ओरडला तरी चालेल.